साडूंची वेबसाईट आणि एक अनोळखी गिऱ्हाईक

बीड जिल्ह्यात माझ्या साडूंइतकी माणसे ओळखणारा दुसरा माणूस नाही, आणि वेबसाईट चालवायला त्यांच्याइतका गैरलायक माणूसही दुसरा नाही. ही दोन्ही विधाने मी विचारपूर्वक करतो आहे. पहिल्याचे पुरावे जिल्ह्यात कोठेही उभे राहिले तरी मिळतात. दुसऱ्याचा मी स्वतः साक्षीदार आहे.

साडू कोणत्याही माणसाला तीन प्रश्न विचारतात. गाव कोणतं, आडनाव काय आणि मामाचं गाव कोणतं. तिसऱ्या उत्तरापर्यंत समोरचा माणूस त्यांचा नातलग, नातलगाचा शेजारी, गेला बाजार शेजाऱ्याच्या व्याह्याचा वर्गमित्र तरी निघालेला असतो. एकदा आम्ही एसटीने बीडहून वडवणीला चाललो होतो. रुमाल टाकून धरलेल्या जागेवरून दोन प्रवाशांची जुंपली होती आणि प्रकरण कॉलरपर्यंत पोहोचले होते. साडू उठले आणि दोघांना आपले तीन-तीन प्रश्न विचारले. एकाची आत्या दुसऱ्याच्या भावकीत दिलेली निघाली. त्यानंतर वडवणीपर्यंत ते दोघे "तुमी बसा", "न्हाई न्हाई, तुमीच बसा" करीत उभे राहिले आणि जागेवर तिसराच एक माणूस बसून झोपी गेला. त्यालाही साडूंनी उठवून गाव विचारले. माझ्यासारख्या जिल्ह्याच्या बातमीदाराला असे साडू लाभणे भाग्याचे आहे असे सगळे म्हणत, पण त्यात एक अडचण होती. बातमी सांगताना ते आधी संबंधित माणसाच्या तीन पिढ्या सांगत आणि घडले काय ते शेवटी. अंक छपाईला जायची वेळ होई आणि साडू अजून आजोबांवर असत.

व्यवसायाने ते टायपिंगचे मास्तर. बस स्टँडच्या मागच्या रस्त्याला, एका पहिल्या मजल्यावर त्यांची इन्स्टिट्यूट होती. कचेऱ्यांतले अर्धे कारकून त्यांच्या हाताखालून गेलेले होते. पुढे कॉम्प्युटर आले, टायपिंगच्या परीक्षेला बसणारे कमी झाले आणि सकाळच्या तुकडीत मुलांपेक्षा मशिनी जास्त दिसू लागल्या. तरी जिना वाजायचा थांबला नाही, कारण शिकायला येणारे घटले असले तरी चौकशीला येणारे तेवढेच होते. "मास्तर, बोअरमधली मोटर वर काढणारा कुणी हाय का?" "मास्तर, दीडशे पानांचा आचारी पाहिजे, तिखट बेतानं घालणारा." साडू मान वर न करता नाव, आळी आणि खूण सांगत. एका दुपारी त्यांच्या मनात आले की हे सगळे जर इंटरनेटवर घातले, तर जगातल्या कोणालाही बीडचा रंगारी मिळेल. हा विचार सुचल्यावर आठवडाभरात त्यांनी एक सोडून सगळ्या मशिनी काढून टाकल्या, दोन कॉम्प्युटर घेतले, टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट जोडले आणि पुण्याला शिकून आलेल्या एका इंजिनिअरकडून वेबसाईट तयार करून घेतली. तिचे नाव येथे देत नाही. तो पत्ता आता दुसऱ्या कोणाकडे आहे.

वेबसाईटवर रंगारी, आचारी, शिलाईकामवाल्या बायका, मोटार वाइंडिंगवाले, हलगी-सनईवाले, भिंतीवर अक्षरे काढणारे, अर्ज लिहून देणारे अशी साठेक माणसे होती. ज्याला काम करून घ्यायचे त्याने तेथे लिहावे, ज्याला करायचे त्याने उत्तर द्यावे, अशी योजना. प्रत्येक कारागिराची माहिती साडूंनी स्वतः लिहिली होती आणि खोटे लिहायचे नाही असे त्यांनी ठरवले होते. एका रंगाऱ्यापुढे लिहिले होते, 'हात साफ. एक भिंत झाली की दोन दिवस दिसत नाही. शोधू नये, आपोआप येतो.' एका सनईवाल्यापुढे, 'सूर उत्तम. जेवणाआधी वाजवून घ्यावे.' तो सनईवाला भांडायला आला. साडूंनी त्याला कॉम्प्युटरसमोर बसवून स्वतःचे नाव पडद्यावर दाखवले. तो बराच वेळ पाहत बसला आणि मग म्हणाला, "जेवणाचं राहू द्या. पन सूर उत्तमच्या फुडं 'लई' घाला."

पानाच्या तळाशी एक काळी पट्टी होती आणि तीत हिरवे आकडे. कोणी पान उघडले की आकडा एकाने वाढे. साडू रोज सकाळी अंघोळ करून पान उघडत, आकडा पाहत आणि कळफलकाला हात लावून नमस्कार करीत. दिवसातून वीस-पंचवीस वेळा तरी ते 'कोणी आलं का' पाहायला पान उघडत, आणि उघडले की कोणीतरी आलेले असेच. त्यांच्या पत्नीने, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीने, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, हे चौथ्या दिवशीच ताडले.

"तुमीच उघडायलेत, तुमीच मोजायलेत," अक्का म्हणाल्या. "आपल्याच दारात जाऊन कडी वाजवायची आन कोन आलं म्हनून आपनच इचारायचं."

मग साडूंनी माणसे आणायचे मनावर घेतले. आमच्याकडे कार्याला माणूस यावा असे वाटत असेल तर घरी जाऊन आवतन द्यावे लागते. नुसते कानावर घालून चालत नाही, लोक ते मनाला लावून घेतात. साडूंनी लग्नपत्रिकेसारखी पत्रिका छापली, वर गणपती, खाली वेबसाईटचा पत्ता, आणि अक्षता घेऊन ते घरोघर फिरले. अक्षता हातावर पडल्यावर कोणाला नाही म्हणता येत नाही. पत्रिकेतल्या मुहूर्तावर, गुरुवारी सकाळी दहापासून लोक धुतलेल्या कपड्यांत जिना चढू लागले. बायकांनी नारळ आणि ब्लाउजपीस आणले होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिले. प्रत्येकाने एकेकदा पान उघडले, आकडा त्रेचाळीसने वाढला, साडू हर्षभरित झाले. त्यानंतर सगळी माणसे सतरंजीवर भिंतीला टेकून बसली, कारण आवतन देऊन बोलावल्यावर जेवण असणार हे उघडच होते. साडेअकराला साडूंच्या ध्यानात ही गोष्ट आली. त्यांनी वेबसाईटवरच्या आचाऱ्याला बोलावले, तेही माणूस धाडून, कारण आचाऱ्याला वेबसाईट पाहता येत नव्हती. चारला पंगती उठल्या. वेबसाईटमुळे मिळालेले ते पहिले काम होते, असे साडूंचे म्हणणे. अक्कांनी ते मान्य केले नाही.

दुसरा प्रयत्न वडवणीच्या बाजारात झाला. बाजाराच्या दिवशी साडू ऑटोवर कर्णा बांधून गेले आणि 'घर रंगवायचे आहे काय, मोटर जळाली आहे काय' असे पुकारत फिरले. गर्दी चांगली जमली. एक शेतकरी पुढे होऊन म्हणाला, "मोटर जळालीय, पर ते इंटरनेट आमच्याकडं न्हाई." येथे साडूंनी त्याला बीडला येऊन पान पाहायला सांगायला हवे होते. पण समोरच्या माणसाने विचारले आणि आपण सांगितले नाही, हे त्यांच्या स्वभावात बसत नाही. त्यांनी त्याला वाइंडिंगवाल्याचे नाव, घर, घरी असण्याची वेळ आणि त्याच्या सासऱ्याचे गाव एवढे जागच्या जागी सांगून टाकले. संध्याकाळपर्यंत पन्नासेक माणसांची कामे मार्गी लागली आणि पान पाहायला कोणी आले नाही. परतताना ते खुशीत होते. "पाव्हणे," मला ते म्हणाले, "प्रतिसाद लई जबरा हाय."

अक्कांना व्यवहार कळत होता. त्यांचे बंधू, म्हणजे आम्हा दोघांचे सामाईक मेहुणे, यांचे वडवणीला बी-बियाण्यांचे दुकान आहे. तेथे एक भरवशाचा माणूस हवा होता. मेहुण्यांनी साडूंना बोलावून घेतले, काउंटरमागची खुर्ची दाखवली आणि अटही सांगितली. "मास्तर, हितं गाव-बिव इचारायचं न्हाई कुणाला. वळख निघाली की मानूस सवलत मागतो. बी द्यायचं, पिशवी बांधायची, पुढचा." साडू घरी आले. दोन दिवस त्यांनी कोणालाही मामाचे गाव विचारले नाही. घरातल्यांना वाटले, त्यांना ताप आला असेल.

शेवटी अक्कांनीच तोड काढली. मी तेथे हजर होतो, म्हणून शब्द जसेच्या तसे देतो. "वळखीच्या मानसाला वळखीचा मानूस सांगायला दोन कम्प्युटर कावून लागतेत? तोंड हाय की तुमाला. तुमी ज्याला वळखत न्हाई, अशा एका तरी मानसानं त्या पेटीतून काम दिलं पायजे आन ते पुरं झालं पायजे. दिवाळीपर्यंत. झालं तर मी एक शब्द बोलनार न्हाई. न्हाई झालं तर पाडव्याला दुकानात बसायचं."

अट ऐकायला सोपी होती. अनोळखी माणसे जगात पुष्कळ आहेत. पण ती साडूंच्या हाती लागून अनोळखी राहत नाहीत, ही खरी अडचण होती, आणि ती त्यांच्या लक्षात यायला भाद्रपद उजाडला. पुण्याहून एका गृहस्थांनी हलगीवाल्यांची चौकशी केली. साडूंनी उत्तरात हलगीचा उल्लेख शेवटच्या ओळीत केला आणि आधी तीन प्रश्न विचारले. दुसऱ्या ई-मेलात गृहस्थ मूळचे नांदूरघाटचे निघाले, तिसऱ्यात त्यांची आजी साडूंच्या चुलत्यांची मानलेली बहीण निघाली आणि चौथा ई-मेल आलाच नाही. गृहस्थांनी थेट फोन करून "मामा, तुमीच बगा काय ते" असे सांगितले. औरंगाबादच्या एका अधिकाऱ्यांना भिंतीवर अक्षरे काढून हवी होती, ते अक्कांच्या वर्गातले निघाले. अशा सात चौकश्या आल्या आणि सातही साडूंनी आपल्या हाताने घरातल्या करून टाकल्या. प्रत्येक वेळी अक्का नुसत्या मान हलवीत.

"अवो, मग इचारू नका ना," मी म्हणालो.

"कसं जमंल, पाव्हणे? मानूस कुठला हाय ते कळल्याबिगर त्याच्याशी बोलायचं कसं?"



दिवाळी तीन आठवड्यांवर असताना इंदूरहून एका बाईंचा ई-मेल आला. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेले होते. आजोबांच्या पेटीत अकरा जुने कागद सापडले आहेत, उर्दूत आहेत, अक्षर इतके गिचमिड आहे की येथे कोणाला लागत नाही, आपल्या वेबसाईटवर असे कागद वाचणारे आहेत असे दिसले, ते हे काम करतील का, एवढेच. खाली सही 'सुनंदा'. आडनाव नाही.

असे कागद वाचणारे एकच गृहस्थ वेबसाईटवर होते. करीमसाब, वय सत्तरीच्या पुढे, कोर्टाच्या आवारात अर्ज लिहिणाऱ्यांच्या रांगेत अगदी शेवटी बसणारे. निजामाच्या अमलातले जमिनीचे, इनामाचे, वारसांचे कागद उर्दूत असत आणि एके काळी करीमसाबांपुढे सकाळपासून माणसे उभी असत. हळूहळू त्या कागदांची मराठी भाषांतरे होऊन गेली आणि त्यांचे काम आटले. साडूंनी त्यांचे नाव वेबसाईटवर घातले तेव्हा ते हसले होते. "मास्टरसाब, इस डब्बे में मेरेकू कौन ढूंडने आता?" त्यांच्यापुढे साडूंनी लिहिले होते, 'जुने उर्दू कागद वाचतात. असे वाचणारे आता फार राहिले नाहीत.' साऱ्या वेबसाईटवर दोष न लिहिलेले ते एकच नाव.

त्या संध्याकाळी मी इन्स्टिट्यूटमध्ये गेलो तेव्हा साडू कॉम्प्युटरसमोर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. मागे अक्का उभ्या होत्या. पडद्यावर उत्तर सुरू झालेले दिसत होते, 'आपले मूळ गाव' एवढेच.

"इंदूर," साडू म्हणाले. "आन नाव सुनंदा. मराठी लिहितेत म्हंजे इकडच्याच असनार. एक आडनाव कळलं तरी..."

"आडनाव कळलं की वळख निघंल," अक्का म्हणाल्या. "वळख निघाली की दुकान. हं, इचारा."

साडूंनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांना बाजूला सारून दोन ओळींचे उत्तर लिहिले. कागदांच्या प्रती पाठवाव्यात, काम होईल. पाठवले तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

पाकीट आठवड्याने आले. पाकिटावर पाठवणाऱ्याचे पूर्ण नाव असणार हे साडूंनी आधीच ओळखले होते, म्हणून पोस्टमनला सक्त ताकीद होती की ते अक्कांच्याच हाती द्यायचे. पोस्टमन साडूंचा जुना विद्यार्थी. त्याने पाकीट पाठीमागे लपवून खालूनच अक्कांना हाक मारली. अक्कांनी आतल्या प्रती काढल्या आणि पाकीट पिठाच्या डब्यामागे ठेवले. प्रतींचे साडूंना भय नव्हते, त्यांना उर्दू येत नाही. त्यांच्या आयुष्यात उपयोगी पडलेले हे पहिलेच वैगुण्य मी पाहिले.

करीमसाब चार दिवस इन्स्टिट्यूटमध्ये येऊन वाचत बसले. खिडकीजवळची जागा, भिंग, समोर पांढरे कागद. मराठी ते स्वतःच्या हाताने उतरवीत. साडूंनी टाइप करून देतो म्हटले नाही, कारण टाइप करायचे म्हणजे वाचणे आले. तिसऱ्या दिवशी दुपारी करीमसाबांनी भिंग खाली ठेवले. त्यांचा चेहरा उजळला होता.

"मास्टरसाब, ये तो अपने..."

"सांगू नका!" साडू कानांवर हात ठेवून उठले, जिना उतरले आणि पार रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले. मी खिडकीतून पाहिले. ते पानटपरीवाल्याशी बोलत होते, आणि अंदाजाने सांगतो, त्याच्या मामाच्या गावाबद्दल बोलत होते.

भाषांतराचे पाकीट मी पोस्टात टाकले. त्यानंतर आठ दिवस साडू आकडा पाहायचे विसरले. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी सुनंदाबाईंचे उत्तर आले. कागद पोहोचले, सगळ्यांनी एकत्र बसून वाचले. आमच्या पणजीचे नाव घरात कोणालाच माहीत नव्हते, ते त्यात मिळाले. ज्यांनी वाचले त्यांना माझा नमस्कार सांगावा. साडूंनी ते दोनदा वाचले आणि करीमसाबांना ऐकवायला कोर्टाकडे निघाले. दिवाळीची सुट्टी आहे हे त्यांना अर्ध्या वाटेत आठवले आणि ते करीमसाबांच्या घरी गेले.

पाडव्याला सकाळी मेहुणे जीप घेऊन आले. साडू आत अंघोळीला होते. "मास्तर तयार झाले का?" त्यांनी दारातूनच विचारले.

"मास्तर येत न्हाईत," अक्का म्हणाल्या. "त्यांना काम हाय. फराळ करून जा."

त्यानंतर वेबसाईट काही वर्षे चालली. माणसे फार आली असे नाही. पण जुन्या कागदांच्या चौकश्या येत राहिल्या, आणि करीमसाब कोर्टाच्या रांगेतून उठून खिडकीजवळ बसू लागले ते कायमचे. पुढे प्रत्येकाच्या खिशात फोन आला, आचारी आणि रंगारी थेट सापडू लागले आणि एका वर्षी साडूंनी वेबसाईटची मुदत वाढवली नाही. त्यांच्याकडे चौकशीला येणारे मात्र अजून येतात.

पाडव्याच्या संध्याकाळीच अक्का त्यांना म्हणाल्या होत्या, "आता इचारा की त्या बाईला. आता मी काय बोलनार न्हाई." पाकीटही त्यांनी डब्यामागून काढून पुढे ठेवले होते. साडूंनी ते उलटे करून ठेवले. आधी करीमसाबांना विचारतो म्हणाले. करीमसाबांनी त्यांना चहा दिला आणि सांगितले, "कागज जिसका, बात उसकी, मास्टरसाब. चालीस बरस का उसूल है." साडूंना ते पटले. मग बाईंना ई-मेल लिहायला ते दोनदा बसले आणि दोन्ही वेळा उठले. "त्यांनी आपनहून सांगितलं न्हाई," ते मला म्हणाले, "आता मी इचारायचं म्हंजे काम केल्याचं मागितल्यावानी व्हतं." पाकीट पुढे कोणत्या तरी आवराआवरीत गेले. करीमसाबही एका रमजानच्या आधी गेले. त्यांच्या मयतीला साडू सगळ्यांत आधी पोहोचले होते आणि तेथे जमलेल्या एकालाही त्यांनी गाव विचारले नाही.

मेहुण्यांच्या मुलाचे लग्न इंदूरला ठरले तेव्हा आम्ही सगळे गेलो होतो. दुपारी मोकळा वेळ होता. साडू म्हणाले, जरा चक्कर मारू. चक्कर अशी मारलीच नाही, राजवाड्यासमोर एका कट्ट्यावर ते बसले आणि येणारीजाणारी माणसे पाहू लागले. मध्येच एखाद्या नऊवारीतल्या किंवा चष्मेवाल्या बाईंवर त्यांची नजर थांबे आणि पुढे जाई. तासभर गेला. बाजूला साठीच्या एक बाई दोन पिशव्या घेऊन रिक्षाची वाट पाहत उभ्या होत्या. आमचे बोलणे त्यांच्या कानावर गेले असावे.

"मराठी आहात वाटतं," त्या म्हणाल्या. "कुठले तुम्ही?"

साडू उभे राहिले. "बीडचे," ते म्हणाले, आणि थांबले. तिसरा तर सोडाच, पहिला प्रश्नही त्यांनी विचारला नाही.

"बीड," बाई म्हणाल्या. "बरेच लांबून आलात." रिक्षा आली. साडूंनी त्यांच्या पिशव्या आत ठेवून दिल्या. रिक्षा गर्दीत वळून दिसेनाशी झाली, तरी ते एक हात थोडासा वर उचलून तसेच उभे होते.